मागच्या घडीवरच्या सात ओळी

शेवटच्या सोमवारीही बाबांनी विचारलं होतं, "झालं?" मी वाचून दाखवलेल्या पेपरची घडी घालत म्हटलं होतं, "झालं." "सगळं?" "सगळं." त्या सकाळी वेगळं काहीच नव्हतं. नळ सातला येऊन गेला होता, अंगणात रतनबाईंनी वाळत घातलेल्या मिरच्या नाकाला झोंबत होत्या, आणि बाबा खाटेच्या कडेला बसून चहाच्या कपाची कड अंगठ्यानं चाचपत होते. शेजारच्या रतनबाई भिंतीवरून डोकावून म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा पाद्री काल लई भांडत हुता की. इंग्रजीतनं शिव्या देतो का काय?" बाबा म्हणाले, "शिव्या नाही रतनबाई, तो माझंच मला वाचून दाखवतो. ऐकवत नाही म्हणून तुम्हाला शिव्या वाटतात." दोघं हसली. मला साडेनऊला कॉलेजच्या लायब्ररीत पोचायचं होतं. मी डबा भरला, बाबांचं जेवण झाकून ठेवलं, भाकरी डावीकडे, भाजी उजवीकडे, पाणी समोर, हे रोजच्यासारखं सांगितलं, आणि सायकल बाहेर काढली. दार ओढून घेताना आतून पाद्रीचा आवाज सुरू झाला. संध्याकाळी परत आले तेव्हा जेवणाचं ताट धुऊन पालथं घातलेलं होतं. एवढंच. त्या दिवसातलं यापेक्षा जास्त मला आठवत नाही, आणि ते आठवत नाही याचा आता राग येतो. मंगळवारी अकराच्या सुमाराला रतनबाई चहा घेऊन गेल्या तर बाबा खुर्चीत मान खाली घालून बसलेले. झोप लागली असं त्यांना आधी वाटलं.

पाद्री म्हणजे कॉम्प्युटर. खरं तर कॉम्प्युटरमधला आवाज. काचबिंदूनं बाबांची नजर पूर्ण गेली त्याला आठ वर्षं झाली होती, तेव्हा म्हणजे शहाण्णवच्या दिवाळीत, माझा धाकटा भाऊ नितीन पुण्याहून त्याच्या ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर घेऊन आला. त्यात एक प्रोग्रॅम घातला होता. पडद्यावर जे जे लिहिलेलं असेल ते तो मोठ्यानं वाचायचा. आवाज अमेरिकन पुरुषाचा, नाकातला, सपाट. त्याला मराठी येत नव्हतं. बाबा इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचे आणि तो ते त्याच्या पद्धतीनं उच्चारायचा. पहिल्याच दिवशी बाबा खूश होऊन म्हणाले, "अरे, हा तर आपल्याकडचा मिशनचा पाद्री! मी लहान असताना राहुरीला यायचे ते गोरे साहेब अगदी असंच मराठी बोलायचे." तेव्हापासून तो पाद्री. आठवडाभरानं बाबांनी हात लांब करून समोरची ती काचेची पेटी चाचपली आणि विचारलं, "ह्याचं काय काम?" नितीन म्हणाला, "बाबा, तो पडदा. त्यावर अक्षरं दिसतात." "कुणाला?" बाबांनी विचारलं. बाबांनीच मग नितीनला पडदा परत न्यायला लावला; खोली लहान, टेबल लहान, आणि न दिसणाऱ्या माणसाच्या टेबलावर ते डबडं कशाला. त्यामुळे आमच्या घरात एक बिनपडद्याचा कॉम्प्युटर होता. त्यात बाबा रोज सकाळी दोन-तीन तास काहीतरी लिहायचे. काय ते मी कधी विचारलं नाही. कान दिला असता तर दारातून जाता-येता कळलं असतं, पण तो आवाज सुरू झाला की मी स्वयंपाकघरात भांडी जरा जास्त वाजवायचे. आठ वर्षं मी त्यांना वाचून दाखवत आले होते. पेपर, पत्रं, लायब्ररीतून आणलेली पुस्तकं, औषधांच्या बाटल्या. कंटाळा यायचा, घसा दुखायचा, तरीही ते माझं होतं. त्या परक्या आवाजानं त्यातला एक तुकडा नेला, हे मला आवडलं नव्हतं.

मंगळवारी मी पोचले तेव्हा घरात माणसं होती. बाबांना खाटेवर निजवलं होतं. भिंतीवर बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली कुणीतरी मेणबत्ती लावली होती. टेबलाखाली कॉम्प्युटरचा पंखा घरघरत होता. पाद्री गप्प होता. हात लावल्याशिवाय तो बोलत नसे. ती घरघर मला सहन झाली नाही. मी वाकले आणि पेटीवरचं बटण दाबलं. रात्री नितीन आला, रडला, हात-पाय धुऊन बाबांजवळ बसला आणि मग एकदम म्हणाला, "ताई, कॉम्प्युटर चालू होता म्हणाल्या रतनबाई. कुणी बंद केला?" "मी." "तसाच? बटण दाबून?" "मग कसा करतात?" तो माझ्याकडे पाहत राहिला. "काही नाही," म्हणाला. "सकाळी लिहिलेलं गेलं असेल. सेव्ह केल्याशिवाय राहत नाही ते. जाऊ दे." त्याच्या 'जाऊ दे'मध्ये राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. बाबांनी त्या सकाळी नऊ ते अकरा काय लिहिलं ते माझ्या एका बोटानं पुसलं होतं, आणि ते बोट काही वेगळं दिसत नव्हतं.

पुण्यानुमोदन झालं. भंतेजी त्रिशरण-पंचशील देऊन गेले, कोल्हारहून भावकीतली माणसं आली होती ती दुपारच्या एसटीनं परतली. निघताना नितीन म्हणाला, "कॉम्प्युटर मी पुढच्या रविवारी येऊन नेतो. पुण्यात एका अंध मुलींच्या वसतिगृहाला हवाय. आतलं सगळं पुसून देऊ. तुला काही ठेवायचंय का त्यातलं?" मी म्हटलं, "मला कुठं येतंय ते." तो म्हणाला, "बाबांना येत होतं." मग टेबलाच्या खणातून एक कॅसेट काढून त्यानं माझ्या हातात ठेवली. "ही ऐक. बाबांना शिकवायला मी भरली होती. वाटलं तर ऐक."

मला वाटत नव्हतं. पण मला एक गोष्ट माहीत करून घ्यायची होती आणि ती माहीत करून घ्यायला माझ्याजवळ रविवारपर्यंतचे दिवस होते. बाबांना कळलं होतं का? एवढंच. दोन वर्षं मी या प्रश्नाबरोबर एकाच घरात राहिले होते, त्याला जेवायला वाढलं होतं, त्याचे कपडे धुतले होते.

बाबांचा एक मित्र होता, कोल्हारचा गोरक्षनाथ. आम्ही त्यांना गोरक्षकाका म्हणायचो. प्रवरेच्या काठी त्यांची चांगली बागायत. दोघं एका शाळेत, एका वर्गात. म्हणजे गोरक्षकाका वर्गात आणि बाबा वर्गाच्या दाराबाहेर ओट्यावर, कारण ते सेहेचाळीस-सत्तेचाळीस साल होतं आणि आमचं घर गावकुसाबाहेर होतं. फळा ओट्यावरून दिसत नसे. गोरक्षकाका खिडकीशी बसून धडा मुद्दाम मोठ्यानं वाचायचे आणि बाबा बाहेर तो ऐकून पाठ करायचे. "मी आधी कानानंच शिकलो," बाबा सांगायचे, "डोळे मधे काही वर्षं उसने मिळाले होते." पुढे बाबा मास्तर झाले, छप्पन साली बौद्ध झाले, नगरला आले, सावेडीत घर बांधलं, गोरक्षकाका सातवी करून शेतात राहिले. पण पत्रं चालू राहिली. काका बोलायचे तसंच लिहायचे. मी त्यांचं आंतरदेशीय पत्र त्यांच्याच सुरात वाचायचे, 'लई', 'न्हाई', 'गेल्तो' असं ठासून, आणि बाबा इतके हसायचे की त्यांना ठसका लागायचा.

सत्त्याण्णवच्या एप्रिलात काकांचं असंच एक निळं पत्र आलं. मी संध्याकाळी वाचायला बसले. आत उसाच्या तोडीचं होतं, पुलावर झालेल्या ट्रकच्या अपघाताचं, थोरल्या नातीचं लग्न ठरलं ते, छातीत कळ येते आणि डॉक्टर नगरला जा म्हणतो ते. आतली बाजू संपली. मी पत्र उलटलं. पत्त्याच्या मागच्या घडीवर आणखी सात ओळी होत्या. मी त्या मनात वाचल्या. मोठ्यानं वाचायला तोंड उघडलेलंच होतं, ते मिटलं. बाबांच्या डाव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. लहानपणी मोटेच्या चाकात सापडलं असं त्यांनी आम्हाला सांगितलं होतं; आई जिवंत असताना तीही तेच सांगायची. त्या सात ओळींत बोटाची खरी हकीगत होती. आणि एकदा येऊन जा, असं होतं. मी म्हटलं, "झालं."

का, हे मी स्वतःला वेगवेगळ्या वेळी वेगवेगळं सांगितलं आहे. एप्रिलचं ऊन होतं. कोल्हारला जायचं म्हणजे माळीवाड्याच्या स्टँडवर बाबांचा हात धरून गर्दीत चढायचं, दोन तास उसाच्या गाड्यांमागून जायचं, परत यायचं. लायब्ररीत वर्षअखेरची पुस्तकमोजणी चालू होती, रजा मिळाली नसती. बाबांचं ब्लडप्रेशर. हे सगळं खरं आहे आणि यातलं एकही कारण नव्हे. कारण असं की मला माहीत होतं, ते पत्र ऐकून बाबा हसतील, म्हणतील, "वेडा आहे गोरक्ष," आणि त्याच रात्री पिशवी भरायला सांगतील. ते माफ करतील. तसं करायला त्यांना एक क्षणही लागणार नाही. आणि मला ते नको होतं. पन्नास वर्षांनी, छातीत कळ आल्यावर, आंतरदेशीय पत्राच्या मागच्या उरलेल्या जागेत लिहिलेल्या सात ओळींना माझ्या बापानं माफी द्यावी, हे मला नको होतं. बोट त्यांचं होतं. माफीही त्यांची होती. मी दोन्ही माझ्याकडे ठेवून घेतली.

बाबा म्हणाले, "सगळं?" मी म्हटलं, "सगळं." हा प्रश्न ते आधीही विचारायचे का? याचा मी पुढे इतका विचार केला की आता मला नक्की काहीच आठवत नाही. पेपरातल्या काही बातम्या मी नेहमीच गाळत असे. कुठल्या गावात कुणाची झोपडी जाळली, कुणाला विहिरीवर मारलं, अशा बातम्या आल्या की मी खालच्या बाजारभावांवर उडी मारायचे. ते त्यांच्यासाठी होतं, असं मी मानायचे. पण 'सगळं?' हे त्या संध्याकाळनंतर रोज आलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उत्तर लिहायला बसवलं. पोस्टकार्ड. "प्रिय गोरक्ष, तुझं पत्र पोचलं," त्यांनी सांगितलं. मग थांबले. मग म्हणाले, "सगळं वाचलं." मी लिहिलं. "नातीला आशीर्वाद. तब्येतीला जप. ऊन फार आहे. तुझा, सहादू." मी पत्ता लिहिला आणि सायकलवरून जाताना ते पेटीत टाकलं. पंचवीस दिवसांनी काकांच्या मुलाचं, अमृतचं पत्र आलं, काका गेल्याचं. ते मी सगळं वाचलं. बाबा म्हणाले, "बरं." थोड्या वेळानं म्हणाले, "त्या आधीच्या पत्रात आणखी काही नव्हतं ना गं, यशो?" मी म्हटलं, "नेहमीचंच होतं."

आमच्या स्वयंपाकघराच्या दारामागे पत्रांची तार होती. आलेलं पत्र वाचून झालं की त्या तारेत ओवायचं ही आईची सवय मी पुढे चालवली होती. ते निळं पत्रही मी ओवलं होतं, इतर पत्रांच्या मध्ये. फाडून टाकता आलं असतं. पण वाचलेलं फाडायचं नाही, हे माझ्या धंद्यानं माझ्या हातात इतकं भिनवलं आहे की ते सुचलंच नाही. जूनमध्ये कसलंसं बिल शोधताना पाहिलं तर ते पत्र तारेत नव्हतं. वरची होती, खालची होती. मी सगळी तार उतरवून दोनदा पाहिली. बाबा आतून म्हणाले, "काय शोधतेस?" मी म्हटलं, "काही नाही." त्यानंतर वीस महिने आम्ही एकमेकांशी भाजीबद्दल, नितीनबद्दल, पाणी कधी येणार याबद्दल बोललो.

बुधवारी दुपारी मी टेपरेकॉर्डर बाबांच्या टेबलावर ठेवला आणि कॅसेट लावली. आधी खरखर. मग नितीनचा आवाज, सव्वादोन वर्षांपूर्वीचा, उत्साही: "बाबा, डावीकडे पेटीवर बटण आहे, ते दाबा. आता थांबायचं. पाद्री जागा होईपर्यंत काही दाबायचं नाही." आणि मग बाबा. मी त्याची तयारी केली नव्हती. बाबांचा आवाज, जवळून, श्वासासकट: "थांब, थांब. हळू. मी आयुष्यभर मास्तरकी केली, मला शिकवायची सवय आहे, शिकायची मोडलीय." मी टेप बंद केला. अंगणात जाऊन आले. परत लावला. नितीन सांगत होता, बाबा चुकत होते, पाद्री मधेच काहीतरी बरळत होता, दोघं हसत होते, आणि मागे, लांबून, एका बाईचा त्रासिक आवाज: "भाकरी गार होतेय! किती वेळ तेच?" ती मी होते. माझा आवाज इतका कोरडा आहे हे मला माहीत नव्हतं. आणखी पुढे नितीननं विचारलं, "बाबा, आता ठरवायचंय. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरणं, ही पाद्रीनं सगळी वाचायची, थोडी वाचायची, की मुळीच नाही?" बाबा लगेच म्हणाले, "सगळी." "कंटाळा येईल हो, दर वाक्याला डॉट, डॉट." "येऊ दे. काय सोडायचं ते ऐकणारा ठरवतो. वाचणाऱ्यानं ठरवायचं नसतं." ही दिवाळी शहाण्णवची. पत्र यायला अजून पाच महिने होते. तरी मी ते वाक्य चार वेळा मागे नेऊन ऐकलं.

बटण दाबलं, थांबले, पाद्री जागा झाला. मी डोळस बाई, समोर रिकामी भिंत, आणि वाचायला काही नाही. पहिले दोन तास मी सारखी टेबलाच्या मधोमध पाहत होते, जिथं पडदा असायला हवा होता तिथं. मग डोळे मिटले तेव्हा थोडं जमायला लागलं. नितीन सांगत होता तसं बाण खाली, बाण खाली. बाबांनी महिन्याला एक अशा वह्या केल्या होत्या आणि पाद्री त्यांची नावं घेत होता: वही, अकरा, शहाण्णव. वही, बारा, शहाण्णव. हव्या त्या महिन्यावर मला लगेच जाता आलं असतं. मी पहिल्यापासून सुरू केलं. भीती होती म्हणून, हे सरळ सांगते. सुरुवातीला एक शब्द कळेना. मग कान सरावला. बाबांनीही पाद्रीच्या जिभेला सोसेल असं स्वतःचं स्पेलिंग बसवलं होतं. जिथं तो अडखळायचा तिथं पुढच्या वेळी वेगळी अक्षरं. त्यांनी त्या यंत्राला मराठी शिकवलं होतं, चुकणाऱ्या पोराला शिकवतात तसं, न रागावता. वह्यांमध्ये मोठं काही नव्हतं. आज थंडी. रतनबाईंनी शेंगा दिल्या. आईचा आवाज आठवत नाही, हसणं आठवतं. यशोच्या सायकलीची चेन सैल झालीय, आवाजावरून कळतं. तिला सांगायला हवं. माझ्या आजीबद्दल, भागिरथीबद्दल, पाच-सहा पानं: ती प्रवरेच्या वाळूत झरा उकरून वाटीनं पाणी भरायची, एक घागर भरायला सकाळ जायची. दर वाक्याला डॉट. आणि बाबांनी जिथं ओळ मोकळी सोडली होती तिथं पाद्री म्हणायचा, "ब्लँक." डोळ्यांनी वाचताना कोरी ओळ आपण ओलांडून जातो. त्याला ती सांगावी लागते. बुधवार गेला, गुरुवार गेला. जेवायचं विसरले तर रतनबाई भिंतीवरून ताट देऊन म्हणाल्या, "यशोबाई, त्यो पाद्री परत बोलायला लागला तवा माज्या काळजात धस्स झालं. वाटलं गुरुजीच उठून बसलं." मग डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "त्याला तरी काय कळतंय बापड्याला, कोन ऐकतंय ते."

शुक्रवारी दुपारी एप्रिल आला. मी खुर्ची पुढे ओढली. उसाची तोड, अपघात, नातीचं लग्न: काकांच्या पत्रातलं मी वाचलेलं सगळं बाबांनी नोंदलं होतं. मग पाद्री म्हणाला, ब्लँक. आणि पुढे, त्याच सपाट आवाजात, जणू बाजारभाव:

"आतली बाजू झाली. तिनं पत्र उलटलं. कागदाचा आवाज ओळखू येतो. मग ती गप्प झाली. सात-आठ ओळी मनात वाचायला लागतो तेवढा वेळ. मग म्हणाली, झालं. मी विचारलं, सगळं. ती म्हणाली, सगळं."

मी बाण दाबला नाही. किती वेळ, माहीत नाही. तो गप्प राहिला. मी दाबल्याशिवाय तो पुढे जाणार नव्हता, हेही तेव्हाच नीट कळलं. दाबला.

"आज उत्तर सांगितलं. सगळं वाचलं, असं मुद्दाम घातलं. तिचं पेन थांबतं का ते पाहायचं होतं. थांबलं नाही. हे मी पोरीची परीक्षा घ्यायला केलं आणि कार्ड गेलं गोरक्षला. हे बरं झालं नाही."

मे महिन्याच्या वहीत काकांच्या मृत्यूची एक ओळ होती. मग ब्लँक. ब्लँक. ब्लँक. मी मोजले नाहीत; पुष्कळ होते, आणि पाद्रीनं प्रत्येक सांगितला, प्रत्येक त्याच सुरात. बाबा किती वेळ नुसती एंटरची कळ दाबत बसले असतील. मी तेव्हा कुठं होते? लायब्ररीत असेन. किंवा पलीकडे, भांडी वाजवत.

जूनच्या वहीत हे होतं: "तारेतून गोरक्षचं पत्र काढलं. निळं की नाही ते कळत नाही, पण आंतरदेशीय पातळ असतं, आणि गोरक्ष पेन दाबून लिहितो, उलट बाजूला खडबड उठते. मागच्या घडीवर सात ओळी आहेत. वाकड्या बोटाला जास्त कळतं, तिथलं कातडं पातळ आहे. ओळी मोजता येतात, वाचता येत नाहीत. पोस्टमन वाचून देईल. रतनबाईंची पोरगी ज्ञानेश्वरी वाचून देईल, दहावीला आहे. पण मग त्यांना कळेल की यशो मला पुरतं वाचून दाखवत नाही. ते कळायला नको. नितीनलाही नको. ती इतकी वर्षं वाचते आहे. एखाद्या दिवशी वाचेल. सात ओळींत काय मावतं याचा मला अंदाज आहे. तो शाळेपासून सांगायचं म्हणत होता. तेच असेल तर मला माहीतच आहे. पण त्यानं ते कसं म्हटलं, ते ऐकायचं होतं. पत्र कीबोर्डखाली ठेवलं आहे."

पाद्री म्हणाला, ब्लँक.

उरलेल्या वीस वह्या मी शनिवारी ऐकल्या. पत्राचा उल्लेख पुन्हा कुठंच नव्हता. सोमवारच्या शेवटच्या नोंदीत पेपर आणि मिरच्या होत्या. मंगळवार नव्हता, तो मी पुसला होता. त्यात काही होतं की नुसतीच थंडी आणि शेंगा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. माणसाला एवढं कळतं आणि तो वीस महिने रोज सकाळी, पेपर संपल्यावर, एक शब्द पुढे करतो. सगळं? मी तो शब्द रोज परत करत होते. त्यांना पोस्टमन चालला असता. त्यांना मी हवी होते.

रविवारी नितीन दहाला येतो म्हणाला होता. मी आठला अंघोळ करून टेबलाशी बसले आणि शुक्रवारपासून धीर होत नव्हता ते केलं: कीबोर्ड उचलला. पत्र तिथंच होतं, सपाट, कडा थोड्या पिवळ्या. चार दिवस मी त्याच्यावरच बोटं आपटत होते. तारेचं भोक मागच्या घडीतून आरपार गेलं होतं. मी बोटांनी उलट बाजू चाचपून पाहिली. खडबड लागत होती. ओळी मला मोजता आल्या नाहीत, सगळं एकच वाटलं. मग कॉम्प्युटर चालू केला, कारण तो चालू नसताना मला त्या खोलीत बाबा असल्यासारखं वाटत नव्हतं. पाद्री जागा झाला, त्याचं ते इंग्रजी नमन म्हणाला आणि थांबला. पलीकडे रतनबाईंचा नळ वाहत होता. मी पत्र उलटलं. कागदाचा आवाज झाला. बाबा म्हणाले होते तसा, ओळखू येण्याजोगा. काकांचा सूर लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागला.

"सहादू," मी वाचलं, "आता ह्ये शेवटचं. साळंतल्या डेऱ्यातलं पानी तू घेतलं न्हवतंस. मीच तांब्यात काडून तुला दिल्तं. आन् गुर्जींनी इचारल्यावर मीच म्हन्लो, ह्यानं डेऱ्यात हात घातला. तुजं बोट मोडलं तवा मी खिडकीतच हुतो. तू माजं नाव सांगितलं न्हाईस. पन्नास वर्सं तुज्यासंगं जेवलो, हसलो, पर ह्ये तोंडातनं निगालं न्हाई. आता छातीचं काय खरं न्हाई. एकदा येऊन जा. आला न्हाईस तर मी समजंन, काय समजायचं ते. तुजा, गोरक्ष."

मी पत्राची घडी घातली नाही.

"हे मी तेव्हा वाचलं नव्हतं, बाबा," मी म्हटलं. "मुद्दाम वाचलं नव्हतं. आता सगळं झालं."